खडूच्या डब्यातल्या गोळ्या

प्रिय खारूताई,

या नावाने हाक मारली की तू चिडतेस हे ठाऊक असूनही मारतो आहे. पाच वर्षांची असताना दोन्ही गालांत शेंगदाणे कोंबून घरभर हिंडायचीस, तेव्हापासून तू माझी खार. आता शाळेत गणिताच्या बाई झालीस, सगळा वर्ग तुला टरकून असतो, म्हणून माझ्या लेखी काही फरक पडलेला नाही. पण खरं सांगतो, आज हे नाव लिहिताना माझाच हात अडखळला. दोन महिने झाले, तू माझा फोन उचललेला नाहीस. रागावलेल्या बाईंना टोपणनावाने हाक मारायची म्हणजे छातीच लागते, आणि माझी छाती सध्या फारशी शाबूत नाही.

आज रविवार, कारखाना बंद आहे. मी माझ्या कापायच्या टेबलाशी बसून लिहितो आहे. बसून, हे नीट वाच. तीस वर्षांत या टेबलाशी मी एकदाही बसलेलो नाही. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते थोरले मास्तर म्हणायचे, कापणारा बसला की त्याची नजर बसते. बसून कापायचं मशीन चालवलं तर हात एका अंगाला ओढतो, आणि खाली कापडाचे चाळीस थर असले तर चाळीसही तिरके जातात. म्हणून आमच्या या टोकाला स्टूल ठेवायची पद्धतच नाही. शिवणाऱ्या बायका बसतात, काजं-बटणंवाला बसतो, कटिंग मास्तर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत सिमेंटच्या फरशीवर उभा. याचा मला केवढा तोरा होता ते तू पाहिलं आहेस. आज मात्र एका बाईचं स्टूल ओढून आणलं. थोरले मास्तर हयात असते तर त्यांनी कात्री फेकून मारली असती.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तुला किडनी हवी आहे. जावईबापूंचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला, बाकीच्या जुळवाजुळवीतही मी पास झालो, आणि मग पुढच्या तपासणीच्या दोन तारखा मी चुकवल्या. पहिल्यांदा म्हणालो, शाळेच्या गणवेशांचा हंगाम आहे, मालक सोडत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणालो, कणकण आहे. तू जावईबापूंना म्हणालीस की दादा असा नाही, त्याला वहिनीने अडवलं. त्यांनी मला सांगितलं, त्यांच्यावर रागावू नकोस. त्या दिवसापासून तू तिचाही फोन घेत नाहीस. खारूताई, तिने मला अडवलं नाही. तिला कशाचाच पत्ता नव्हता. जे होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही, कारण मी घाबरलो होतो. अजूनही घाबरलेलो आहे. तुझा मोठा भाऊ, लाथ मारीन तिथे पाणी काढीन म्हणणारा, रोज सकाळी लघवीचा रंग बघत उभा राहतो, इतका.

आणि हे सगळं सुरू झालं माझ्या डाव्या टाचेपासून. हसायचं असेल तर इथे हसून घे, पुढे जागा मिळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. मी खरंच वाकून पाहिलं, फरशीवर काही आहे का म्हणून. दहा-बारा पावलं चाललो की कमी व्हायचं, कामावर दुपारपर्यंत पुन्हा ठणकायला लागायचं. आधी तेल चोळलं, मग मलम. वहिनीने मऊ तळाच्या चपला आणल्या, त्या मी घातल्या नाहीत, मास्तरला शोभत नाहीत म्हणून. मग आमच्या इस्त्रीवाल्याने, ज्याची कंबर कायम धरलेली असते, खिशातून एक गोळी काढून दिली. म्हणाला, घ्या मास्तर, अर्धा दिवस निघतो. अर्धा नाही, पूर्ण दिवस निघाला. संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो होतो, एवढं मला आठवतं.

पुढे माझी मी पाकिटं आणायला लागलो. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कधी चिठ्ठी मागितली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. गोळ्या ठेवायच्या कुठे, तर खडूच्या डब्यात. कापडावर खुणा करायचे ते चपटे खडू, त्यांच्याखाली. तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. यात माझी म्हणून एक खास अक्कल मी चालवली, तीही ऐक. सुती कापड आम्ही कापायच्या आधी पाण्यातून काढतो. नंतर आटणारच असतं, मग आधीच आटवून घ्यावं, म्हणजे शिवलेला सदरा तोकडा होत नाही. मी टाचेलाही तोच हिशोब लावला. दुखणार तर आहेच, मग दुखायची वाट कशाला बघायची? म्हणून सकाळी चहाबरोबर, पोटात अन्नाचा कण नसताना, एक गोळी. दुपारी जेवायच्या आधी दुसरी. हंगामात तिसरी. असे सोळा महिने. दुखत नसतानाही घेत होतो, आणि याला मी शहाणपणा समजत होतो.

मधल्या काळात तुझं दुखणं आलं. तू आठवड्यातून तीन दिवस त्या यंत्राला बांधलेली, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून तुला कारखान्यातल्या गमती सांगायचो. तुझ्या हातावर जिथे शीर जोडली आहे तिथे तू एकदा माझं बोट ठेवलंस. आत घरघर लागत होती, शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत चालू असावं तशी. तू म्हणालीस, ही थांबली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. मी हसून म्हणालो, तेल घालू की. त्याच आठवड्यात मी जावईबापूंना कळवलं की माझं रक्त तपासा.

पहिल्या तपासणीच्या वेळची गंमत तुला सांगितली होती. हॉस्पिटलचे ते हिरवे गाऊन आमच्याच कारखान्यात कापले जातात. मागे तीन नाड्या असायच्या, कापड वाचतं म्हणून दोन करायचा सल्ला मीच मालकांना दिला होता. त्या दिवशी तोच गाऊन घालून सोनोग्राफीच्या रांगेत पाठ उघडी टाकून उभा होतो. करावे तसे भरावे. तू पोट धरून हसलीस. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती मी गाळली. तिथल्या बाई फॉर्म भरत होत्या. त्यांनी विचारलं, रोज कुठली गोळी घेता का? मी म्हणालो, नाही. विचार करून म्हणालो नाही, पटकन म्हणालो. टाच दुखते म्हणून मला बाद करतील, असं वाटलं. त्यांनी फॉर्मवर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

रक्तातला किडनीचा आकडा किंचित जास्त आला. तिथले डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पीत असाल, महिन्याभराने पुन्हा बघू. मी कारखान्यात आलो, दोन ग्लास पाणी प्यालो आणि त्या पाण्याबरोबर गोळीही घेतली. हंगाम तोंडावर होता.

महिना भरायला आठ दिवस राहिले तेव्हा मी हाडांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. तुझ्यासाठी नाही, टाचेसाठीच. दोन गोळ्यांनी भागेनासं झालं होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं की टाचेत एक इंजेक्शन देतात, मग माणूस घोड्यासारखा पळतो. बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी माझा पाय हातात धरून टाचेत अंगठा असा दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग शांतपणे समजावून सांगितलं. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो, तो टाचेशी दुखावला आहे. लावायचं मलम चालेल. तापाची साधी गोळी, प्रमाणात, चालेल, पण तिचा फार उपयोग होईलच असं नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या असतात, त्या थोडे दिवस, जेवणावर, आणि ज्याचं पोट, रक्तदाब, किडनी ठणठणीत आहे त्यानेच. इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण वरचेवर घेतलं तर टाचेखालची गादी झिजते, तो पट्टाही तुटू शकतो. त्या म्हणाल्या, मास्तर, यातलं काहीही टाच बरी करत नाही, दुखणं झाकतं. टाच बरी होते ती ताण देऊन, बुटात नीट तळ घालून, बर्फाची बाटली पायाखाली फिरवून, आणि मुख्य म्हणजे मधून मधून बसून. बऱ्याच जणांची वर्षभरात होते. मी मनात म्हटलं, म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं माझं.

मग त्यांनी विचारलं, आत्तापर्यंत काय घेतलंत? मी म्हणालो, कधीमधी एखादी गोळी. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्याने मी खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि खरा आकडा सांगितला. सोळा महिने, रोज दोन, कधी तीन. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, याच त्या सूज उतरवणाऱ्या. किडनीची तपासणी कधी केली आहे का?

खारूताई, पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. मी तुझं नाव काढलं नाही. नुसतं विचारलं, झालेलं नुकसान भरून येतं का? त्या म्हणाल्या, बंद केल्या की पुष्कळदा सुधारतं, नेहमीच असं नाही, तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. मी जिना चवड्यांवर उतरलो. रस्त्यावर येऊन एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. शिवणीसाठी आम्ही जास्तीचं कापड सोडतो ना, तशी देवाने माणसाला एक किडनी जास्तीची दिली आहे, असं मी तुला मोठ्या रुबाबात म्हणालो होतो. ती जास्तीची तुझी होती. तुला देऊन टाकलेली वस्तू मी सोळा महिने कुरतडत होतो.

त्या दिवशी सगळ्यांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ठरवलं की गोळ्या बंद करायच्या, भरपूर पाणी प्यायचं, आकडा खाली आला की जायचं, म्हणजे कुणाला काही कळायला नको. म्हणून पहिली तारीख चुकवली. चार दिवस गोळीशिवाय काढले. पाचव्या दिवशी सहाशे गणवेश कापायचे होते आणि मला उभं राहवेना. मी खडूच्या डब्यात हात घातला. हे वाक्य लिहायला मला आज सगळ्यात जास्त वेळ लागला. तुला द्यायची किडनी याच गोळ्या कुरतडतात हे माहीत असताना घातला. म्हणून दुसरी तारीखही चुकवली, आणि त्यानंतरही काही आठवडे गोळ्या घेतच राहिलो. आता बंद करून तेवीस दिवस झाले आहेत. सकाळी पलंगापासून मोरीपर्यंत भिंत धरून जातो. टाच दुखते त्याचं मला हल्ली बरंच वाटतं, निदान काही लपवत नाही आहे एवढं तरी कळतं.

तुला ती चादर आठवते का? मी चौदा वर्षांचा होतो, कापायचं वेड नुकतं लागलं होतं. तुझ्या बाहुलीला झगा करायचा म्हणून मी आईच्या कोऱ्या चादरीतून एक गोल कापला. तोही मधोमध, कारण कडेला कापलं तर दिसेल असं माझं डोकं. आईने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो आणि तू पुढे होऊन म्हणालीस, मी कापली. तुझ्या हाताला कात्री पेलतसुद्धा नव्हती. आईने तुला धपाटा घातला, तू रडली नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मी त्यावर आजवर एक शब्द बोललेलो नाही. आज बोलतो. चादर मी कापली होती. आणि आता पुन्हा तेच झालं आहे. मी गप्प बसलो आणि माझ्या वाटचा राग दुसऱ्याच बाईने दोन महिने सोसला, का ते ठाऊक नसताना.

तिला कळलं ते मागच्या रविवारी. खडूचा डबा मी घरी आणला होता. तिला परकराच्या काठाला खूण करायची होती म्हणून तिने तो उघडला. उरलेल्या गोळ्या तशाच होत्या, फेकायला माझा हात धजला नव्हता. तिने पाकिटं ओळीने ओट्यावर मांडली आणि म्हणाली, बोला. मी बोललो. सगळं बोललो, फॉर्मवरच्या त्या ‘नाही’सकट. मला वाटलं ती आदळआपट करेल. ती गॅस बंद करून आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात आली. डबा टेबलावर ठेवताना पाहिलं तर कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटवलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, रक्तगट. जुळतो आहे तिच्याशी. तुमचं नाही जमलं तर कुणीतरी नको का रांगेत? आणि मग ते जेवण गार व्हायच्या आत जेवा म्हणाली.

तिचं जमेल की नाही, कुणाला माहीत. अजून निम्म्या तपासण्या व्हायच्या आहेत, आणि रक्ताचं नातं नसताना देणाऱ्याला फार प्रश्न विचारतात म्हणे. तिचा जीव धोक्यात घालायचा तर मला आणखी वेगळी भीती वाटते. आत्तापर्यंत एका माणसासाठी घाबरत होतो, आता दोघींसाठी घाबरतो. हे सगळं मी समोर बसून सांगणार होतो, पण तीच म्हणाली की लिहून द्या, तोंडाने सांगायला गेलात तर तिसऱ्या वाक्याला विनोद करून उडवून द्याल. बायको मला ओळखून आहे. उद्या सकाळी मी थेट हॉस्पिटलात येतो आहे, गोळ्यांची पाकिटं खिशात घेऊन. त्या फॉर्मवरच्या बाईंना आणि डॉक्टरांना आधी खरं सांगेन, मग रक्त देईन. आकडा काय येईल तो येवो. पण तुला तो दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आधी हे माझ्याकडून कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. मला माफ कर असं लगेच म्हणत नाही. त्याआधी तुझ्याकडे दुसरं एक काम आहे. हे पत्र वहिनीच घेऊन आली आहे. दारातून तुझ्या हातात दिलं असेल आणि एक पायरी खाली उतरून थांबली असेल. तुझं वाचून होईपर्यंत आत यायचं नाही, असं ती घरून ठरवून निघाली आहे. आमच्या घरात उभं राहायचा हट्ट फक्त मलाच आहे असं नाही. तीन जिने चढून आली आहे, कधीची उभी आहे. दार उघड आणि तिला बसायला दे.

तुझाच,
दादा